इंग्रजीच्या जुन्या क्रियारूपांची कुळकथा

शेक्सपिअरची नाटके, १६११ मध्ये राजा पहिला जेम्स याच्या कारकिर्दीत प्रसिद्ध झालेले बायबलचे इंग्रजी भाषांतर किंवा इंग्लंडच्या चर्चचे प्रार्थनापुस्तक वाचणाऱ्याला ‘हॅथ’, ‘डथ’, ‘गोएथ’, ‘शॅल्ट’, ‘स्पेक’, ‘क्वोथ’, ‘वॉट’ अशी क्रियारूपे पानोपानी भेटतात. आजच्या बोलण्यातून आणि लिहिण्यातून ही रूपे जवळजवळ नाहीशी झाली असल्याने ती केवळ भाषेला भारदस्तपणा आणण्यासाठी वापरलेली अलंकरणे असावीत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात यांतील प्रत्येक रूप एका नियमबद्ध व्याकरणाचा उरलेला भाग आहे, त्या व्याकरणाचा माग इंग्रजीच्या पलीकडे हजारो वर्षे मागे जातो, आणि तो काढण्यासाठी युरोपातील अभ्यासकांना ज्या भाषेचा सर्वाधिक आधार मिळाला ती संस्कृत असल्याने मराठी वाचकाला या रूपांतील कितीतरी खुणा ओळखीच्या वाटाव्यात अशा आहेत.

इंग्रजीच्या इतिहासाचे सामान्यतः चार टप्पे मानले जातात. पाचव्या शतकाच्या मध्यापासून अँगल्स, सॅक्सन आणि ज्यूट या जमाती ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झाल्या. तेव्हापासून सुमारे ११०० पर्यंतची त्यांची भाषा म्हणजे प्राचीन इंग्रजी, ११०० ते १५०० पर्यंतची मध्य इंग्रजी, १५०० ते १७०० पर्यंतची आरंभीची आधुनिक इंग्रजी आणि त्यानंतरची आजची इंग्रजी. ही भाषा जर्मन, डच आणि स्कँडिनेव्हियातील भाषांसह जर्मानिक शाखेत मोडते, आणि ती शाखा ग्रीक, लॅटिन, फारसी व संस्कृत यांच्यासह भारत-युरोपीय या विशाल कुलाचा एक भाग आहे. या नात्याची पहिली चाहूल ज्यांना लागली त्यांत एक इंग्रज गोव्यात राहत होता, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी महाकाव्य रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचे निरीक्षण नोंदवले. मात्र ते पत्र विसाव्या शतकापर्यंत अप्रकाशित राहिले. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे या भाषांचा उगम एक असावा असे जाहीरपणे मांडले, फ्रान्झ बॉप यांनी १८१६ मध्ये संस्कृतच्या क्रियापद-व्यवस्थेची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांशी पद्धतशीर तुलना केली, आणि याकोब ग्रिम यांनी १८१९ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन व्याकरणात जर्मानिक क्रियापदांचे वर्गीकरण केले. तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया असा मुख्यतः क्रियापदांच्या रूपांवर घातला गेला.

‘-एस्ट’ आणि ‘-एथ’

जुन्या इंग्रजीची सर्वांत ठळक ओळख म्हणजे वर्तमानकाळाचे दोन प्रत्यय. ‘तू’ या अर्थाच्या ‘दाऊ’ या सर्वनामाबरोबर क्रियापदाला ‘-एस्ट’ लागत असे आणि तृतीय पुरुषी एकवचनी कर्त्याबरोबर ‘-एथ’. ‘बेअर’, म्हणजे वाहणे, या क्रियापदाची रूपे त्यानुसार ‘दाऊ बेअरेस्ट’ आणि ‘ही बेअरेथ’ अशी होत. या क्रियापदाचा सगोत्र संस्कृत धातू ‘भृ’ हा आहे आणि त्याची रूपे ‘भरसि’ व ‘भरति’ अशी आहेत. ही दोन्ही जोडपी शेजारी ठेवली की मधला संबंध सहज दिसतो. ग्रिम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ध्वनिनियमानुसार मूळ भाषेतील ‘त’ जर्मानिक भाषांत ‘थ’ झाला; ‘त्रि’ या शब्दाचा इंग्रजी नातलग ‘थ्री’ आहे तो याच नियमाने, आणि ‘भरति’मधील ‘-ति’ या प्रत्ययाचे इंग्रजी रूप ‘-एथ’ झाले तेही त्याच नियमाने. ‘हॅथ’, ‘डथ’ आणि ‘सेथ’ ही अनुक्रमे ‘हॅव्ह’, ‘डू’ आणि ‘से’ या क्रियापदांची याच प्रत्ययाने बनलेली, वारंवार वापरामुळे आखूड झालेली रूपे आहेत.

द्वितीय पुरुषाच्या ‘-एस्ट’मध्ये मूळचा ध्वनी फक्त ‘स’ आहे आणि तो संस्कृत ‘-सि’चा नातलग आहे. शेवटचा ‘ट’ नंतर चिकटला. प्रश्नार्थक किंवा उलट्या क्रमाच्या वाक्यात क्रियापदानंतर लगेच ‘तू’ या अर्थाचे ‘थू’ हे सर्वनाम येत असे, दोन्ही शब्द एका दमात उच्चारले जात, आणि त्या सर्वनामाचा पहिला ध्वनी ‘स’ला लागून ‘ट’ होऊन क्रियापदाचाच भाग बनला. जर्मन भाषेतही याच मार्गाने ‘-स्ट’ हा प्रत्यय तयार झाला आणि तो तेथे आजही रोजच्या वापरात आहे. मराठीने हाच ‘स’ वेगळ्या वाटेने जपला आहे. जुन्या मराठीतील ‘करिसी’, ‘म्हणसी’ या रूपांत तो स्पष्ट आहे, आणि आजच्या ‘तू करतोस’, ‘तू जातेस’ यांतील अंत्य ‘स’ हाही त्याच प्राचीन द्वितीय पुरुषी प्रत्ययाचा वारस आहे. इंग्रजीने जो प्रत्यय टाकून दिला तो मराठी भाषक दररोज उच्चारतो.

उत्तरेकडून आलेला ‘-स’

‘ही बेअरेथ’ हे रूप जाऊन ‘ही बेअर्स’ हे रूप आले, तो बदल लंडनमध्ये जन्मलेला नाही. दहाव्या शतकात लिंडिसफार्न येथील लॅटिन शुभवर्तमानांच्या प्रसिद्ध हस्तलिखितात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने ओळींच्या मधल्या जागेत शब्दाला शब्द असा इंग्रजी अर्थ लिहिला. ती भाषा उत्तर इंग्लंडमधील नॉर्थंब्रियाची होती आणि तिच्यात ‘थ’ने संपणारी व ‘स’ने संपणारी अशी दोन्ही रूपे शेजारीशेजारी आढळतात. या ‘स’च्या उगमाविषयी अभ्यासकांची दोन मुख्य मते आहेत. एका मतानुसार उत्तरेत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांशी आलेल्या संपर्कामुळे ‘थ’चा ‘स’ झाला. दुसऱ्या मतानुसार द्वितीय पुरुषाचा जुना ‘स’ त्या बोलीत हळूहळू इतर पुरुषांतही पसरला.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसर लंडनमध्ये लिहीत होता तेव्हा त्याच्या स्वतःच्या भाषेत ‘-एथ’ होता, तर ‘-स’ हे उत्तरेकडील माणसाचे लक्षण समजले जात असे. ‘कँटरबरी टेल्स’मधील एका कथेत केंब्रिजला शिकणारे दोन उत्तरेकडील विद्यार्थी येतात आणि त्यांच्या तोंडी चॉसरने मुद्दाम ‘-स’ची रूपे घातली आहेत, इंग्रजी साहित्यात बोलीभेदाचा पात्रचित्रणासाठी केलेला हा फार जुना उपयोग आहे. पुढच्या दोन शतकांत उत्तरेतून आणि मध्य भागातून लंडनकडे झालेल्या स्थलांतराबरोबर हा प्रत्यय राजधानीत रुजला. हेलसिंकी येथील संशोधकांनी जुन्या खासगी पत्रांचा मोठा संग्रह अभ्यासून असे दाखवले आहे की या बदलात स्त्रिया पुरुषांच्या पुढे होत्या, आणि राणी पहिल्या एलिझाबेथच्या पत्रांतही नवा प्रत्यय भरपूर दिसतो. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही रूपे उपलब्ध असल्यामुळे कवीला छंदासाठी एक अक्षर वाढवायचे असेल तर ‘-एथ’ आणि कमी करायचे असेल तर ‘-स’ अशी सोय होती. अपवाद फक्त ‘हॅथ’ आणि ‘डथ’ यांचा. अतिशय वारंवार वापरली जाणारी रूपे बदलाला सर्वांत अधिक काळ दाद देत नाहीत, या भाषाशास्त्रीय अनुभवाला धरून ही दोन रूपे लेखनात अठराव्या शतकापर्यंत टिकली.

लेखन आणि बोलणे यांत तोवर अंतर पडले होते. रिचर्ड हॉजेस या शिक्षकाने १६४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शुद्धलेखनावरील पुस्तकात स्पष्ट नोंद केली आहे की लोक ‘लीडेथ’, ‘मेकेथ’ असे लिहितात, पण उच्चारतात मात्र ‘लीड्स’, ‘मेक्स’. त्यामुळे सतराव्या शतकातील छापील ‘-एथ’ पाहून त्या काळचे लोक तसे बोलत होते असा निष्कर्ष काढता येत नाही.

‘दाऊ’चा अस्त

‘-एथ’ला प्रतिस्पर्ध्याने हटवले, ‘-एस्ट’ मात्र ज्या सर्वनामावर तो अवलंबून होता ते सर्वनामच गेल्यामुळे गेला. प्राचीन इंग्रजीत ‘थू’ एकवचनी आणि ‘ये’ अनेकवचनी, असा केवळ संख्येचा भेद होता. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार आणि न्यायालये यांत फ्रेंच भाषा आली आणि तिच्यातील ‘त्यू’ व ‘वू’ यांच्या धर्तीवर तेराव्या शतकापासून इंग्रजीतही एका व्यक्तीला आदराने अनेकवचनी संबोधण्याची पद्धत रुळली. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्या निवडीतून वय, मान, जवळीक आणि राग हे सर्व जसे व्यक्त होते, तसेच त्या काळच्या इंग्रजीत ‘दाऊ’ आणि ‘यू’ यांच्या निवडीतून होत असे. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅली यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना जाणूनबुजून ‘दाऊ’ म्हणून अपमानित केल्याची हकिकत प्रसिद्ध आहे.

मराठीत ही द्विस्तरीय व्यवस्था टिकली. इंग्रजीत ती कोसळली. समोरच्याला कमी लेखल्याचा ठपका नको म्हणून ‘यू’चा वापर वाढत गेला आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रमाण बोलीत ‘दाऊ’ जवळजवळ उरला नाही. याच्या विरुद्ध दिशेने गेला तो क्वेकर पंथ. ईश्वरापुढे सर्व माणसे समान असल्याने एका माणसाला अनेकवचनाने गौरवणे असत्य आहे, अशी त्यांची धारणा होती, आणि पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी दोन सहकाऱ्यांसह १६६० मध्ये अनेक भाषांतील एकवचन व अनेकवचन यांचे दाखले देणारे एक पुस्तकच प्रसिद्ध केले. न्यायाधीशांना आणि सरदारांना एकेरी संबोधल्याबद्दल क्वेकरांनी बराच छळ सोसला. मात्र त्यांच्या बोलण्यातही पुढे ‘दाऊ’च्या जागी त्याचे विभक्तिरूप ‘दी’ आले आणि त्याच्याबरोबर ‘-एस्ट’ न येता तृतीय पुरुषाचे ‘इज’, ‘हॅज’ हे रूप येऊ लागले. म्हणजे सर्वनाम आग्रहाने राखणाऱ्यांनाही त्याचा प्रत्यय राखता आला नाही. यॉर्कशरसारख्या भागांतील बोलींत एकेरी सर्वनाम त्यानंतरही दीर्घकाळ जिवंत राहिले.

स्वर बदलणारी क्रियापदे

प्रत्ययांइतकीच लक्षणीय आहेत ती मूळ स्वर बदलून भूतकाळ दाखवणारी क्रियापदे. ग्रिम यांनी त्यांना ‘सबळ’ म्हटले, कारण भूतकाळ दाखवण्यासाठी त्यांना बाहेरच्या प्रत्ययाची गरज लागत नाही. ‘-एड’ किंवा ‘-ट’ यांचा आधार घेणाऱ्या क्रियापदांना त्यांनी ‘दुर्बळ’ हे नाव दिले. सबळ क्रियापदांतील स्वरबदलाला भाषाशास्त्रात अपश्रुती म्हणतात. मूळ भारत-युरोपीय भाषेत एकाच धातूचा स्वर व्याकरणिक गरजेप्रमाणे ‘ए’, ‘ओ’ किंवा लुप्त अशा अवस्थांत येत असे. संस्कृत वैयाकरणांनी गुण आणि वृद्धी या संज्ञांनी ज्या घडामोडी वर्णिल्या, त्या याच प्राचीन व्यवस्थेच्या आहेत. ‘बन्ध्’ या धातूचे ‘बद्ध’ हे रूप आणि ‘बाइंड’ या सगोत्र इंग्रजी क्रियापदाचे ‘बाउंड’ हे रूप, या दोन्हींत स्वर लुप्त झालेली तीच अवस्था आहे. ‘भिद्’ या धातूशी सगोत्र असलेल्या ‘बाइट’चे ‘बिटन’ हे रूपही तसेच बनले आहे.

प्राचीन इंग्रजीत अशी तीनशेहून अधिक सबळ क्रियापदे होती, ती स्वरांच्या साखळीनुसार सात गणांत मांडता येतात, आणि प्रत्येकाची चार मुख्य रूपे असत: धातुरूप, भूतकाळाचे एकवचन, भूतकाळाचे अनेकवचन आणि भूतकालवाचक धातुसाधित. भूतकाळात एकवचनाचा स्वर वेगळा आणि अनेकवचनाचा वेगळा, हीच गोष्ट पुढे अनेक दुहेरी रूपांचे कारण ठरली. ‘राइट’, म्हणजे लिहिणे, याचे एकवचन ‘व्राट’ आणि अनेकवचन ‘व्रिटोन’ असे होते. मध्य इंग्रजीत वचनभेद पुसला गेला तेव्हा दोन्ही स्वर भूतकाळाच्या एकाच जागेसाठी उरले. एकवचनातून आजचे ‘रोट’ आले आणि अनेकवचनातून आलेले ‘रिट’ अठराव्या शतकापर्यंत वापरात राहून मागे पडले. ‘स्पीक’चे ‘स्पेक’, ‘ब्रेक’चे भूतकाळी ‘ब्रेक’, ‘बेअर’चे भूतकाळी ‘बेअर’ आणि ‘गेट’चे ‘गॅट’ ही १६११ च्या बायबलमधील रूपे जुन्या एकवचनाची सरळ वंशज आहेत, तर ‘स्पोक’, ‘ब्रोक’, ‘बोअर’ आणि ‘गॉट’ ही आजची रूपे ‘स्पोकन’सारख्या धातुसाधितांचा स्वर भूतकाळात उचलल्यामुळे तयार झाली. जुने दिसणारे ‘स्पेक’ ही विकृती नव्हे. नियमाने चालत आलेले रूप तेच आहे.

मध्य इंग्रजीच्या आरंभापर्यंत सबळ क्रियापदांपैकी सुमारे एक तृतीयांश पूर्णपणे नाहीशी झाली. नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून आलेल्या असंख्य क्रियापदांना ‘-एड’ हाच प्रत्यय लागत गेला, इंग्रजीला राजमान्यता नसल्याने जुन्या रूपांना धरून ठेवणारी लेखनपरंपरा क्षीण झाली, आणि उरलेल्यांपैकी अनेक क्रियापदे बहुसंख्यांच्या वळणावर गेली. ‘हेल्प’चे ‘होल्प’ व ‘होल्पन’ जाऊन ‘हेल्प्ड’ आले, ‘क्लाइम’चे ‘क्लोम’ जाऊन ‘क्लाइम्ड’ आले. जुने धातुसाधित मात्र विशेषण म्हणून अनेकदा टिकले: वितळलेल्या धातूसाठी ‘मोल्टन’, कोरलेल्या मूर्तीसाठी ‘ग्रेव्हन’, भिजून चिंब झालेल्यासाठी ‘सॉडन’. यांतील ‘सॉडन’ हे ‘सीद’, म्हणजे उकळणे, याचे रूप आहे, हे आजच्या इंग्रजी भाषकाला सहसा ठाऊकही नसते. उलट प्रवासही झाला. ‘डिग’चे भूतकाळी रूप १६११ च्या बायबलमध्ये ‘डिग्ड’ असे नियमित आहे आणि ‘डग’ हे सबळ रूप नंतरचे आहे. फ्रेंचमधून आलेल्या ‘स्ट्राइव्ह’नेही जर्मानिक वळणावर ‘स्ट्रोव्ह’ हे रूप घेतले. अनियमित दिसणारे प्रत्येक रूप प्राचीन असतेच असे नाही.

दुर्बळ क्रियापदांच्या ‘-एड’चा उगमही रोचक आहे. चौथ्या शतकात वुल्फिला याने गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत केलेल्या बायबलच्या भाषांतरात ‘आम्ही वाचवले’ या अर्थाचे ‘नासिदेदुम’ असे लांब रूप येते. त्यातील ‘देदुम’ हा भाग ‘करणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा, म्हणजे इंग्रजी ‘डू’ आणि संस्कृत ‘धा’ यांच्या सगोत्राचा आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘-एड’ हा प्रत्यय म्हणजे झिजून अक्षरमात्र उरलेले स्वतंत्र क्रियापद आहे. ‘वर्क’चे जुने भूतकाळी रूप ‘रॉट’ हेही दुर्बळच आहे. त्यात ‘र’ आणि स्वर यांची अदलाबदल झाल्याने मूळ ओळखू येत नाही, आणि घडवलेल्या लोखंडाच्या ‘रॉट आयर्न’ या नावात ते आजही जिवंत आहे.

भूतकाळातून वर्तमानात आलेली रूपे

इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट खटकते: ‘ही गोज’ म्हणायचे, पण ‘ही कॅन’, ‘ही मे’, ‘ही शॅल’ यांना ‘-स’ लावायचा नाही. या अपवादाचे उत्तर ‘वॉट’ या कालबाह्य रूपात आहे. ‘आय वॉट’ म्हणजे ‘मी जाणतो’ आणि ‘ही वॉट’ म्हणजे ‘तो जाणतो’. प्राचीन इंग्रजीत याचे एकवचन ‘वाट’ आणि अनेकवचन ‘विटोन’ होते. संस्कृतमध्ये याच अर्थाची रूपे ‘वेद’ आणि ‘विद्म’ अशी आहेत, आणि दोन्हीकडे एकवचनात पूर्ण स्वर व अनेकवचनात ऱ्हस्व ‘इ’ येते. ‘वेद’ हे रूप बांधणीने परोक्ष भूतकाळाचे, म्हणजे लिट् लकाराचे असून अर्थाने वर्तमानकाळाचे आहे. धातूचा मूळ अर्थ ‘पाहणे’ असल्याने ज्याने पाहिले तो आता जाणतो, असा हा अर्थविकास झाला. भूतकाळाच्या या रूपात प्रथम व तृतीय पुरुष सारखेच, ‘अहं वेद’ आणि ‘स वेद’, आणि ‘-ति’ प्रत्ययाला तेथे जागाच नाही.

‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही सर्व याच जातीची क्रियापदे आहेत. ‘कॅन’ हे ‘ज्ञा’ धातूशी सगोत्र असून ‘शिकलो आहे, म्हणून करू शकतो’ असा त्याचा मूळ भाव आहे. ‘शॅल’चा मूळ अर्थ ‘देणे लागतो’ असा होता. ‘ति’चा वारसा त्यांना कधीच मिळाला नव्हता म्हणून ‘-एथ’ही लागला नाही आणि ‘-स’ही लागला नाही. दहा आज्ञांमुळे प्रसिद्ध झालेल्या ‘दाऊ शॅल्ट’मधील ‘-ट’ही ‘-एस्ट’पेक्षा वेगळा आहे, तो संस्कृतमधील ‘त्वं वेत्थ’ या रूपाच्या ‘-थ’चा सगोत्र आहे. ‘असणे’ या क्रियापदाच्या ‘दाऊ आर्ट’ या रूपातील ‘-ट’ही याच कुळातला आहे, आणि ‘दाऊ विल्ट’मध्ये तो अनुकरणाने आला. भूतकाळाने वर्तमानाची जागा घेण्याची ही घटना इंग्रजीत पुन्हा एकदा घडली. ‘मस्ट’ हे ‘मोट’ या जुन्या क्रियापदाचे भूतकाळी रूप आणि ‘ऑट’ हे ‘ओ’, म्हणजे देणे लागणे, याचे भूतकाळी रूप. दोन्ही आज वर्तमानकाळाचेच काम करतात.

‘वॉज’ आणि ‘वेअर’

‘असणे’ या अर्थाचे इंग्रजी क्रियापद निरनिराळ्या धातूंच्या तुकड्यांनी बनलेले आहे. ‘अॅम’ आणि ‘इज’ हे संस्कृत ‘अस्मि’ व ‘अस्ति’ यांचे सगोत्र आहेत, ‘बी’ हे ‘भू’ धातूचे, आणि ‘वॉज’ हे राहणे या अर्थाच्या ‘वस्’ धातूचे. मराठीने हेच तीन धातू ‘असणे’, ‘होणे’ आणि ‘वसणे’ अशा स्वतंत्र क्रियापदांत ठेवले. इंग्रजीने त्यांना एका रूपावलीत एकत्र केले. तसेच ‘गो’चे आजचे भूतकाळी रूप ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’, म्हणजे वळणे किंवा वाट धरणे, या वेगळ्या क्रियापदाचे आहे. ‘गो’चे जुने भूतकाळी रूप त्याने पूर्णपणे बाजूला सारले.

‘वॉज’मध्ये ‘स’वर्गीय ध्वनी आणि ‘वेअर’मध्ये ‘र’ का, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांना दीर्घकाळ अडवले होते. १८७० च्या दशकात डॅनिश अभ्यासक कार्ल व्हेर्नर यांनी याचे उत्तर वैदिक संस्कृतच्या स्वराघातात शोधले. ‘होणे’ या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी क्रियापदाचे भूतकाळी एकवचन ‘वेआर्थ’ आणि अनेकवचन ‘वुर्दोन’ होते. एकात ‘थ’ आणि दुसऱ्यात ‘द’. त्याचा सगोत्र संस्कृत धातू ‘वृत्’ असून ‘ववर्त’ या एकवचनात उदात्त स्वर धातूवर आणि ‘ववृतुः’ या अनेकवचनात प्रत्ययावर असतो. आघात लगेच आधीच्या अक्षरावर नसेल तर जर्मानिकमधील अघोष घर्षक ध्वनी सघोष होतो, हा नियम त्यातून निघाला, आणि ‘स’ सघोष होऊन पुढे ‘र’ झाला तो ‘वेअर’मध्ये दिसतो. ‘सीद’मधील ‘द’ आणि ‘सॉडन’मधील ‘ड’, तसेच ‘लूज’मधील ‘स’ आणि ‘फॉरलॉर्न’मधील ‘र’ ही जोडपीही याच नियमाची फळे आहेत. जर्मानिक भाषांतून तो जुना आघात नाहीसा झाला होता. तो ज्ञात होता मुख्यतः ऋग्वेदाचे पठण अक्षराअक्षरासह जपणाऱ्या परंपरेमुळे.

एकाकी उरलेली रूपे

काही कालबाह्य रूपे अशी आहेत की त्यांच्यासारखी दुसरी इंग्रजीत उरलीच नाहीत. ‘हाइट’ म्हणजे ‘नावाने ओळखला जातो’. संस्कृतमधील आत्मनेपदाशी ज्याचे मूळ जुळते ते जर्मानिक कर्मणी रूप गॉथिकच्या वर्तमानकाळात सर्वत्र होते, पण प्राचीन इंग्रजीत ते या एकाच क्रियापदात शिल्लक राहिले, आणि त्याचाच अर्थ ‘हाइट’मध्ये उतरला. ‘डिड’ हे रोजचे रूपही असेच प्राचीन आहे: ‘दधौ’सारख्या रूपांत धातूचे पहिले अक्षर दोनदा येते, ज्याला संस्कृत व्याकरणात अभ्यास म्हणतात, त्याच द्विरुक्तीची खूण ‘डिड’च्या दोन ‘ड’कारांत आहे. ‘क्वोथ’, म्हणजे ‘म्हणाला’, याचे धातुरूप लोपले. त्याचे भावंड ‘बिक्वीद’ मुख्यतः मृत्युपत्राच्या भाषेत उरले.

‘मीथिंक्स’ या रूपाचा अर्थ मराठीत ‘मला वाटते’ इतका नेमका उतरतो की दोन्हींची रचनाही एकच ठरते. येथील ‘मी’ हे इंग्रजी चतुर्थीचे रूप आहे आणि ‘थिंक्स’ हे विचार करण्याच्या क्रियापदाचे नसून ‘वाटणे, भासणे’ या अर्थाच्या वेगळ्या क्रियापदाचे आहे. ‘लाइक’ही पूर्वी असेच चालत असे: ‘मी लाइकेथ’, म्हणजे ‘मला आवडते’. इंग्रजीत वाक्याच्या आरंभी येणारा शब्द कर्ताच असला पाहिजे हा आग्रह बळावला तसतशी ही रचना मोडून ‘आय थिंक’, ‘आय लाइक’ अशा रचना आल्या; मराठीत ‘मला’ने सुरू होणारी रचना भक्कमपणे उभी आहे. ‘गॉड सेव्ह द किंग’मध्ये ‘-स’ नाही, कारण तेथे क्रियापद इच्छा व्यक्त करते. त्या रूपाचे मूळ संस्कृतमधील विधिलिङाशी एक आहे.

जतन आणि अनुकरण

बोलण्यातून गेलेली ही रूपे वाचनात राहिली, याचे मुख्य श्रेय धर्मग्रंथांना आहे. १६११ चे बायबल बऱ्याच अंशी विल्यम टिंडेल याच्या १५२६ च्या भाषांतरावर आधारलेले असल्याने प्रसिद्ध झाले तेव्हाच त्याची भाषा एका पिढीहून अधिक जुनी होती. त्यात ‘-स’ला थारा न देता ‘-एथ’च ठेवण्यात आला. कायद्याच्या लेखनानेही हा वारसा सांभाळला. महाराष्ट्रात इंग्रजीत केल्या जाणाऱ्या खरेदीखतांत आणि करारनाम्यांत ‘विटनेसेथ’ हा शब्द आजही छापला जातो, आणि त्यातील ‘-एथ’ हा चॉसरच्या लंडनमध्ये बोलला जाणारा तोच प्रत्यय आहे.

कवींनी केलेले अनुकरण नेहमीच नियमाला धरून नव्हते. स्पेन्सरने ‘फेअरी क्वीन’मध्ये चॉसरच्या काळातील रूपे जाणीवपूर्वक वापरली आणि कोणतीच खरी भाषा न लिहिल्याची टीका बेन जॉन्सनकडून ओढवून घेतली. ‘इक्लेप्ट’ किंवा ‘इक्लॅड’ यांतील आरंभीचा ‘इ’ हा जर्मन ‘गे-’चा सगोत्र असून तो भूतकालवाचक धातुसाधिताचा होता, मिल्टनने शेक्सपिअरवरील कवितेत तो वर्तमानकालवाचक रूपाला जोडला, जे इतिहासाला धरून नाही. आजही प्राचीनतेचा आभास निर्माण करण्यासाठी कोणत्याही कर्त्याला ‘-एथ’ जोडले जाते. नियम मात्र साधा आहे: ‘-एस्ट’ केवळ ‘दाऊ’साठी आणि ‘-एथ’ केवळ तृतीय पुरुषी एकवचनासाठी.

या कुळकथेचा उपयोग जुन्या पुस्तकांपुरता मर्यादित नाही. मराठी शाळांतील मुले इंग्रजी क्रियापदांची तीन रूपे तीन रकान्यांत लिहून पाठ करतात आणि त्यांतील ‘अनियमित’ रूपांना काही कारण नाही असे गृहीत धरतात. कालबाह्य रूपे ही कारणे सांगतात: ‘सिंग-सँग-संग’ आणि ‘ड्रिंक-ड्रँक-ड्रंक’ एकाच गणाचे का, ‘कॅन’ला ‘-स’ का नाही, ‘वॉज’चे अनेकवचन ‘वेअर’ का. ती जाणणाऱ्या शिक्षकाला ती लांबलचक यादी मोजक्या गणांत आणि दोन-तीन नियमांत मांडता येते, आणि ज्या विद्यार्थ्याने ‘वेद’ व ‘बद्ध’ हे शब्द ऐकले आहेत त्याला त्या नियमांकडे आपल्याच भाषांच्या वाटेने नेता येते.